दुसऱ्याच्या गृहपाठाचे पैसे

काका, नमस्कार. मी २४ वर्षांचा, इंदूरच्या सुदामानगरात आई-बाबांबरोबर राहतो, सुपर कॉरिडॉरवर सॉफ्टवेअरच्या नोकरीला आहे. कॉलेजात असताना, २०२० साली, बाबांनी पीसी घेऊन दिला होता. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅमची एकच स्टिक आणि जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड. मॉनिटर मागच्या वर्षी १४४ हर्ट्झचा घेतला. रात्री मित्रांबरोबर काउंटर-स्ट्राइक २ (सीएस) खेळतो, सुटीला एखादा मोठा ओपन वर्ल्ड गेम. हल्ली सीएसमध्ये धुमश्चक्री सुरू झाली की गाडी अडखळते. टास्क मॅनेजर बघितला तर सीपीयू ३५ टक्के! मामेभाऊ म्हणतो, प्रोसेसर तर निवांत बसलाय, ग्राफिक्स कार्ड बदल. आरएनटी मार्गावरचे एक दुकानदार म्हणाले, ‘भिया, ये तो छह साल पुराना हो गया’, आणि नवा आठ कोरचा प्रोसेसर, बोर्ड आणि डीडीआर५ रॅम मिळून ५५ हजारांचं कोटेशन हातात ठेवलं. बोनस आलाय, पैसे आहेत. पण विजयनगरच्या मित्राने २४ कोरचा पीसी घेतला, कार्ड माझ्यासारखंच जुनं ठेवलं, आणि मोठ्या गेममध्ये त्याच्या-माझ्यात उन्नीस-बीसचाच फरक निघाला. मग एवढे कोर करतात काय? प्रोसेसरमध्ये दर वर्षी काहीतरी नवं येतं, ते गेममध्ये पोचायला इतकी वर्षं का लागतात? आणि मी ५५ हजार घालू का? बाबा म्हणतात, चालतंय ना, मग कशाला.
— सुदामानगरचा वाचक

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. हे ५५ हजार घालू नकोस. त्यातला थोडा भाग खर्च करायची वेळ येईल, पण तो कुठे करायचा हे दुकानदार किंवा मामेभाऊ यांना विचारू नकोस. तुझं मशीनच सांगेल, आणि त्याला कसं विचारायचं ते खाली येतंच आहे. बाबांचंही सगळं बरोबर नाही हं. चालणं वेगळं आणि अडखळत चालणं वेगळं.

आता तो ३५ टक्क्यांचा आकडा. ती सरासरी आहे. तुझ्या ३६०० मध्ये ६ कोर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे सहा भाग, आणि १२ थ्रेड, म्हणजे प्रत्येक कोरला एका वेळी कामाचे दोन धागे. एक थ्रेड अगदी घामाघूम झाला तरी एकूण आकड्यात त्याची भर पडते जेमतेम ८ टक्क्यांची. म्हणजे एकाने जीव तोडून काम करायचं, चौघा-पाचांनी बऱ्यापैकी हात लावायचा आणि उरलेल्यांनी बसून राहायचं, तरी टास्क मॅनेजर ३५ च दाखवणार. प्रोसेसर निवांत आहे हा मामेभावाचा निष्कर्ष म्हणूनच घाईचा आहे. आणि प्रोसेसर संपला हा दुकानदाराचा निष्कर्ष तर आकडा न बघताच काढलेला.

सकाळी सात वाजता कुठल्याही पोह्याच्या दुकानापुढे जाऊन उभा राहा. गरम पाण्याच्या भांड्यावर पोह्यांची परात, मागे एक जण कांदा चिरतोय, दुसरा जिलबी तळतोय, तिसरा गल्ल्यावर. पण पोहे हलवून, प्लेटमध्ये घालून, वर सेव, कांदा आणि जीरावन मसाला टाकून देणारा माणूस एकच. गर्दी वाढली म्हणून मालकाने आणखी चार पोरं ठेवली, तर कांदा भराभर चिरला जाईल, प्लेटा लवकर विसळल्या जातील. रांग मात्र त्या एका हाताच्याच वेगाने सरकेल. गेममधलाही एक थ्रेड असाच असतो. तू माउस हलवलास, कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, त्यामुळे पुढे काय झालं, मग ग्राफिक्स कार्डाला काय काढायला सांगायचं, ही साखळी बरीचशी एकामागून एक चालते. आधीचं ठरल्याशिवाय पुढचं ठरत नाही. आणि सेकंदाला १४४ फ्रेम, म्हणजे पडद्यावरची १४४ चित्रं, हव्या असतील तर दर फ्रेमला ही सगळी यात्रा उरकायला वेळ मिळतो जेमतेम ७ मिलिसेकंद.

याचं गणित जीन अ‍ॅमडाल नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९६७ सालीच मांडून ठेवलंय, तेव्हा ना पीसी होते ना पीसी गेम. समज, कामाचा ४० टक्के भाग वाटूनच घेता येत नाही. मग ६ कोर लावले तर काम दुप्पट वेगाने होईल. १२ लावले तर सव्वादोनपटीला थोडं कमी. २४ लावले तरी अडीचपट होत नाही, आणि हजार लावलेस तरी अडीचपटीच्या पुढे जाणं नाही. तुझ्या मित्राचे २४ कोर तर सगळे सारखेही नसणार, त्यांत ८ मोठे आणि १६ छोटे असणार. शिवाय मोठ्या गेममध्ये तुमच्या दोघांचं जुनं कार्डच आधी धापा टाकतं, तिथे मागे कोर किती उभे आहेत याला काय अर्थ. उन्नीस-बीस आलं ते त्यामुळे.

आता तुझा खरा प्रश्न, तो मला जास्त आवडला. नवं येतं ते पोचायला इतकी वर्षं का लागतात? याचं सरळ उत्तर आहे, आणि कोटेशन वाचायलाही ते कामाला येतं. प्रोसेसरमध्ये येणाऱ्या नव्या गोष्टी दोन जातींच्या असतात. एक जात अशी की ती गेम लिहिणाऱ्याकडे काहीच मागत नाही. जुनाच गेम आणून चालवा, पहिल्या दिवसापासून वेग वाढतो. दुसऱ्या जातीला मात्र गृहपाठ लागतो. गेम नव्याने लिहा, वाटून लिहा, नव्या पद्धतीने लिहा, तर फायदा. हा गृहपाठ ना तू करणार ना दुकानदार, तो करणार कुठेतरी बसलेला प्रोग्रामर, आणि त्याच्यापाशी त्याची स्वतःची कारणं असतात.

मी या दुसऱ्या जातीत सापडलेला माणूस आहे, म्हणून सांगतो. २००५ साली मी ६४ बिटचा प्रोसेसर घेतला. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं, पुढची दहा वर्षं बघायला नको. डेस्कटॉपवर ही गोष्ट २००३ च्या सप्टेंबरात अ‍ॅथलॉन ६४ या प्रोसेसरबरोबर आली होती, आणि मायक्रोसॉफ्टचं ६४ बिटवालं विंडोज एक्सपी यायलाच एप्रिल २००५ उजाडला. मी आपला घरी गेलो आणि त्या मशीनवर ३२ बिटचं एक्सपी टाकलं, कारण प्रिंटरचा ड्रायव्हर तेवढाच होता. रॅम होती ५१२ एमबी. आता ६४ बिटचा मोठा उपयोग काय, तर ४ जीबीच्या पुढची रॅम वापरता येणं! म्हणजे अर्ध्या किलोच्या डब्यासाठी मी गोदाम भाड्याने घेतलं होतं. ते मशीन भंगारात गेलं तोवर त्यावर ६४ बिटचा एकही गेम चालला नव्हता. मोठ्या गेम्सनी ३२ बिटला रामराम ठोकायला सुरुवात केली ती २०१३-१४ च्या सुमारास, आणि तेही ८ जीबी रॅमची प्लेस्टेशन ४ आल्यावर.

कोरांचं तेच झालं. डेस्कटॉपसाठी दोन कोरांचे प्रोसेसर २००५ च्या मेमध्ये आले, इंटेल आणि एएमडी (तुझा रायझन बनवणारी कंपनी) दोघांचेही. २००७ च्या जानेवारीत इंटेलचा क्यू६६०० आला, चार कोरांचा, तेव्हाच्या पोरांच्या स्वप्नात यायचा. पण पुढची कित्येक वर्षं गेमसाठी दोन जोरकस कोर असले की भागायचं. कलाटणी मिळाली ती २०१३ च्या नोव्हेंबरात, जेव्हा प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोन्हींत आठ-आठ कोर आले आणि तेही अशक्त. प्लेस्टेशनचे तर १.६ गिगाहर्ट्झचे. एकाच कोरवर भार टाकला तर गेम उभाच राहीना, तेव्हा प्रोग्रामरांनी नाइलाजाने काम वाटायला घेतलं. पीसीवरच्या ताकदवान कोरांनी जे आठ वर्षांत जमवलं नाही, ते टीव्हीखालच्या अशक्त डब्याने करून दाखवलं.

यात प्रोग्रामर आळशी असतात असं मात्र समजू नकोस. तूही नोकरीत कोड लिहितोस ना? मग तुला ठाऊक आहे. एक मोठा गेम बनायला चार-पाच वर्षं लागतात. तो विकायचा असतो ज्यांच्याकडे जे मशीन आहे त्यांना, दुकानाच्या काचेत जे आहे त्याला नाही. आणि कधीकधी खुद्द कंपन्याच घोळ घालतात. २०११ च्या जानेवारीत इंटेलने एव्हीएक्स नावाच्या सूचना आणल्या, एकाच दमात जास्त आकडे हिशेबात घेणाऱ्या. छान गोष्ट. पण स्वस्तातल्या पेंटियम आणि सेलेरॉन प्रोसेसरमधून त्या पुढे कित्येक वर्षं काढून टाकलेल्या असायच्या. मग गेमवाल्याने काय करायचं? एव्हीएक्स वापरलं तर स्वस्त पीसीवाली पोरं म्हणणार, गेम उघडतच नाही. दोन्हीसाठी दोन वेगळे रस्ते लिहायचे तर खर्च दुप्पट. त्याने हात आखडला तर त्याला बोल कसा लावायचा?

गेम आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातला दुभाषा म्हणजे डायरेक्टएक्स. त्याची १२ वी आवृत्ती विंडोज १० बरोबर २०१५ च्या जुलैत आली. ग्राफिक्स कार्डाला हुकूम द्यायचं काम अनेक कोरांत वाटता यावं हा तिचा एक मोठा हेतू. पण त्यासाठी आधी कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) जे सांभाळायचा ते सगळं गेमवाल्याच्या गळ्यात आलं. तुझाच काउंटर-स्ट्राइक २ बघ, २०२३ साली आला तो विंडोजवर डायरेक्टएक्स ११ घेऊनच, आणि ११ हे २००९ सालचं. त्या मंडळींना १२ येत नाही असं थोडंच आहे!

आणखी एक गंमत सांगतो, विषयाला धरूनच आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात इंटेलची १२ वी पिढी आली. त्यात पहिल्यांदाच डेस्कटॉपवर मोठे आणि छोटे कोर एकत्र नांदायला लागले. तर काही गेम्समधल्या चोरीविरोधी कुलपाला वाटलं, अरे, हे छोटे कोर म्हणजे दुसरंच मशीन, कुणीतरी गेम ढापलाय. गेम बंद! इंटेलने तात्पुरता उपाय काढला तो असा की बायोसमध्ये, म्हणजे बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, एक सेटिंग चालू करा आणि कीबोर्डवरचं स्क्रोल लॉक दाबा, छोटे कोर झोपी जातील. स्क्रोल लॉक नेमकं कशाला असतं, हे मला त्याआधी कुणी विचारलं असतं तर मी विषय बदलला असता. पुढे दुरुस्त्या आल्या, तो प्रश्न मिटला. आणि एका कोरचे दोन थ्रेड करणारी हायपर-थ्रेडिंग? पेंटियम ४ वर २००२ साली वाजतगाजत आली आणि २०२४ च्या डेस्कटॉप पिढीतून इंटेलने ती काढूनही टाकली.

हे सगळं उगाळलं कारण तुझ्या कोटेशनच्या खाली ‘एआय रेडी’ असं लिहिलेलं असण्याची दाट शक्यता आहे. तो आजचा गृहपाठ. प्रोसेसरमधल्या त्या एआयच्या भागाला आज तुझे गेम्स विचारतही नाहीत. उद्या विचारतील, कदाचित. तेव्हा पैसे देऊ.

आता पहिली जात, काही न मागणारी. तिचं उत्तम उदाहरण तुझ्याच बोर्डावर बसतं. तुझ्या ३६०० मध्ये ३२ एमबीची एल३ कॅश आहे, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी हाताशी असलेली मेमरी. पोहेवाल्याच्या उजव्या हाताला सेव, कांदा, जीरावनाच्या वाट्या असतात ना, तशी. त्यातलं काही संपलं की आतून आणावं लागतं, तेवढा वेळ रांग थांबते. रॅमकडे जाणं म्हणजे ते आत जाणं. पण तुझ्या ३६०० मधल्या वाट्या दोन टेबलांवर वाटलेल्या आहेत, तीन कोरांना १६ एमबी आणि उरलेल्या तिघांना १६. या टेबलावरच्याला त्या टेबलावरची सेव हवी असली की वळसा. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या रायझन ५००० पिढीत एएमडीने दोन टेबलं जोडून एक केलं. इतरही सुधारणा होत्या, पण गेमचा वेग वाढला त्यात या जोडण्याचा वाटा मोठा. कुठल्याही गेमवाल्याने त्यासाठी एक ओळही बदलली नाही.

त्याहून ठळक गोष्ट २०२२ च्या एप्रिलची. रायझन ७ ५८००एक्स३डी. कोर तेच आठ. कमाल वेग साध्या ५८००एक्सपेक्षा कमी, ४.७ च्या जागी ४.५ गिगाहर्ट्झ. केलं काय, तर चिपच्या वर कॅशचा आणखी एक थर चढवून ३२ ची ९६ एमबी केली. कागदावर संथ, गेममध्ये सुसाट. जुने गेम्स, नवे गेम्स, डायरेक्टएक्स ११ वाले, सगळ्यांना फायदा, कारण मागितलं काहीच नव्हतं. सगळ्या गेम्सना सारखा होतो असं नाही. सीएससारख्या, फ्रेमांची शर्यत असलेल्या गेम्सना तो जास्त जाणवतो.

आता दुकानदाराचं कोटेशन पुन्हा काढ. त्याने आठ कोरचा साधा प्रोसेसर लिहिलाय, एक्स३डी नाही, बरोबर? असता तर ५५ हजारांत ते बसलं नसतं. म्हणजे तुझ्या गेमला जे लागतं ते कोटेशनमध्ये नाही. नव्या पिढीचा कोर तुझ्यापेक्षा चलाख आहे, हे खरंच. फ्रेम वाढतील, मी नाही म्हणणार नाही. पण त्या ५५ हजारांतला मोठा हिस्सा प्रोसेसरला जातच नाहीये. तो जातोय नव्या बोर्डाला, कारण एएम५ ला (एएमडीचे नवे प्रोसेसर बसतात त्या सॉकेटला) जुना बोर्ड चालत नाही, आणि नव्या रॅमला, कारण तिथे फक्त डीडीआर५ चालते. रॅमचे भाव २०२५ च्या उत्तरार्धापासून कसे भडकलेत ते तुला सांगायला नको. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी पुरवता पुरवता आपल्या वाटची महागली. भाव चढलेले असताना ज्या खरेदीत रॅम सक्तीची आहे, ती करायची नाही.

तर आता काय करायचं.

पहिलं काम फुकट आहे. कॅबिनेट उघड. इंदूर २०१७ पासून देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून मिरवतंय, पण कॅबिनेटच्या आत महापालिकेची गाडी येत नाही. प्रोसेसरसोबत आलेला छोटा पंखाच असेल तर सहा वर्षांची धूळ त्याच्या पात्यांवर आणि खालच्या पत्र्यांत बसलेली असणार. साफ कर आणि थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर काढायला मदत करणारा लेप, नवी लाव. मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असताना गरम प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो, आणि मग सगळे त्याला म्हातारा ठरवतात. हे करतोच आहेस तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटर खरंच १४४ वर आहे का, तेही बघ. हसू नकोस. १४४ चा मॉनिटर ६० वर चालवणारी निदान चार माणसं मी स्वतः पाहिली आहेत, त्यातला एक माझा जावई.

दुसरं म्हणजे रॅम, आणि माझा खरा संशय इथेच आहे. एकच स्टिक म्हणजे प्रोसेसरला रॅमकडे जायला एकच रस्ता, दोन स्टिक असत्या तर दोन. तीही बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) चालू केलेलं नसेल तर तिच्या ठरलेल्या वेगापेक्षा कमीवर चालत असणार. ३६०० ला ३२०० ची रॅम अधिकृतपणे चालते. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू कर, आणि जमलं तर आहे तशीच आणखी एक स्टिक घे. डीडीआर४ आहे, कुणी पीसी विकत असेल तर वापरलेली चालेल. रॅम सहसा बिघडत नाही, आणि लावून एक रात्र टेस्ट चालवली की खात्री होते. दोन टेबलांवरच्या वाट्या लवकर संपणाऱ्या प्रोसेसरला आत जायचा रस्ता रुंद करून देणं याहून स्वस्त औषध मला माहीत नाही.

मग चाचणी. सीएसमध्ये नेहमीच्या मॅपवर, नेहमीच्या सेटिंगला, फ्रेमची मर्यादा काढून खेळ आणि सरासरी फ्रेम टिपून ठेव. धुमश्चक्रीत आकडा किती खाली जातो तेही. मग रेझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आण. फ्रेम भरपूर वाढल्या तर अडचण ग्राफिक्स कार्डाची, मामेभाऊ जिंकला. जवळजवळ वाढल्याच नाहीत तर प्रोसेसरची. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून बारा वेगवेगळे चौकोन बघता येतात, पण त्यांच्यावर फार विसंबू नकोस. विंडोज काम या कोरवरून त्या कोरवर हलवत राहतं, त्यामुळे दमलेला कोण हे एका चौकोनात दिसेलच असं नाही. रेझोल्यूशनची चाचणी खोटं बोलत नाही. हीच चाचणी सुटीच्या दिवशीच्या मोठ्या गेमवरही कर. माझा अंदाज सांगतो, सीएसमध्ये दुकानदार जिंकेल आणि मोठ्या गेममध्ये मामेभाऊ. मग ज्या गेमसाठी जास्त जागतोस त्याच्या बाजूने खर्च.

प्रोसेसर दोषी निघाला तर बोर्ड बदलायचा नाही, नुसता प्रोसेसर बदलायचा. २०२० च्या मेमध्ये एएमडीने जाहीर केलं होतं की ५००० ची पिढी बी४५० वर चालणार नाही. लोकांनी एवढी बोंब मारली की दोन आठवड्यांच्या आत तो निर्णय फिरवावा लागला. त्याचा फायदा तू आज घ्यायचा. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर तुझ्या नेमक्या मॉडेलची यादी बघ, कुठला प्रोसेसर कुठल्या बायोसवर चालतो ते तिथे लिहिलेलं असतं. ५८००एक्स३डी किंवा त्याचा धाकटा भाऊ ५७००एक्स३डी ओळखीच्याकडे चांगल्या भावात मिळाला तर सोडू नकोस. नवे सहज मिळत नाहीत. नाहीतर ५६०० किंवा ५७००एक्स. इथे एका ठिकाणी डोळ्यांत तेल घालून वाच. ५५०० आणि नुसता ५७०० (पुढे एक्स नसलेला) यांत एल३ कॅश १६ एमबीच आहे, ५६०० आणि ५७००एक्स यांत ३२. नाव मोठं म्हणून ५७०० घेशील आणि ५६०० वाल्यापेक्षा मागे राहशील. काउंटरवर ‘एक ही बात है भिया’ असं ऐकू आलं तर खोका हातात घेऊन आकडा वाच.

आणि ग्राफिक्स कार्ड दोषी निघालं तर तो पुढच्या पत्राचा विषय. त्यात एवढंच सांगून ठेवतो की १६६० सुपरमध्ये रे ट्रेसिंगचं (प्रकाश खऱ्यासारखा दाखवणाऱ्या पद्धतीचं) वेगळं हार्डवेअर नाही आणि ते सक्तीचं मागणारे मोठे नवे गेम्स २०२४ च्या शेवटापासून यायला लागले आहेत. रे ट्रेसिंगची कार्डं पहिल्यांदा आली २०१८ मध्ये. सहा वर्षं लागली. गृहपाठ पूर्ण झाला की असा दिवस उगवतो, आणि तेव्हा पैसे घालण्यात शहाणपण असतं.

तुझा प्रोसेसर जुना झाला का, याचं एक उत्तर राहिलं. २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये जे कोर आहेत ते झेन २, म्हणजे तुझ्या ३६०० च्याच घराण्यातले. तिथे आठ, तुझ्याकडे सहा. आज बाजारात येणारे मोठे गेम्स त्याच कोरांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिले जातात. ते कन्सोल माजघरात बसलेले असेपर्यंत तुझं मशीन उंबऱ्याबाहेर पडत नाही. आणि एएम५ कुठे पळून चाललेलं नाही, २०२७ आणि त्यापुढेही त्याला नवे प्रोसेसर देऊ असं एएमडीने सांगितलंय. सीएसच्या स्पर्धा वगैरे खेळायला लागलास तर गोष्ट वेगळी. तेव्हा सरळ एएम५ वरचा एक्स३डी घे, रॅम उतरल्यावर, आणि अर्धवट घेऊ नकोस.

विंडोज १० वरच असशील तर त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ३६०० ला विंडोज ११ चालतं, बायोसमध्ये टीपीएम नावाची सुरक्षेची सोय चालू करावी लागेल. व्हॅलोरंट हा गेम खेळायची इच्छा झाली तर विंडोज ११ वर त्याला टीपीएमही लागतं आणि सिक्युअर बूट नावाची दुसरी सोयही.

नवा प्रोसेसर बसवण्याआधी बायोस अपडेट करायचं, जुना काढण्यापूर्वी. ते चालू असताना लाइट गेली तर बोर्ड बाद होऊ शकतो, आणि मग ५५ हजारांचं कोटेशन खरं ठरेल. यूपीएस नसेल तर शेजाऱ्याचा तासभर माग. पश्चिमेकडून वळीव चढताना दिसत असेल तर त्या दिवशी नकोच. बाबांना बाजूला बसव, पीसी त्यांच्या पैशांचा आहे.

७२० वरचे आणि दुसरी स्टिक लावल्यानंतरचे आकडे मला कळव, ५६०० घ्यायचा की नाही ते त्यावरून ठरवू. मित्राच्या २४ कोरांचं काय करायचं ते मात्र त्याला स्वतःला लिहू दे.